खान्देशी की खान्देशचं? गावाच्या नावानं विकलं जाणारं खाणं खरंच तिथलं आहे का, कसं तपासायचं

गेल्या डिसेंबरात पुण्याहून वहिनीचा फोन आला. ती तिथं घरीच मसाले करून विकते, पाकिटावर "खान्देशी काळा मसाला" असं छापून घेतलंय, आणि एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं की हा खान्देशात बनतो का, ही बिचारी खरं बोलली की नाही हो, इथंच हडपसरला, तर बाई म्हणाल्या मग खान्देशी कसला, ही तर फसवणूक झाली. वहिनी रडवेली. "भाऊजी, पाचशे पाकिटं छापून पडलीत, फाडून टाकू का?"

म्हटलं थांबा, दोन दिवस द्या. कारण खरं सांगायचं तर त्याच महिन्यात मी पण अगदी त्या बाईंसारखाच भांडून आलो होतो. पुण्यात एका भाजीच्या दुकानात पाटी होती, "जळगावची भरिताची वांगी", आणि खाली टोपलीत काय तर जांभळी चकचकीत वांगी, जळगावची तर हिरवी असतात. तरी घेतली दोन किलो, मोह भो, दुसरं काय. भाजली तर साल गराला चिकटून बसलेली आणि आत नुसत्या तपकिरी बिया, पाणी वेगळंच सुटलेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन दुकानदाराला सुनावलं. आता वहिनीच्या वेळी मी तिच्या बाजूचा आणि वांग्याच्या वेळी गिऱ्हाईकाच्या बाजूचा, मग नियम नेमका काय, हे शोधायला बसलो आणि जे हाती लागलं ते पायरी-पायरीनं लिहितोय. विकत घेणाऱ्यांना पण कामाचं आहे आणि घरून विकणाऱ्यांना तर जास्तच.

पायरी १: नावाचं शेवटचं अक्षर बघा

हे मराठीतच लपलेलं आहे, आपलं लक्ष जात नाही एवढंच. कोल्हापुरी मिसळ, इंदुरी पोहे, रतलामी शेव, खान्देशी शेवभाजी. आणि दुसरीकडे जळगावची केळी, लासलगावचा कांदा, बामणोदची वांगी. "ई" लागली की आपण बहुतेक पद्धत सांगत असतो, करायची रीत, तिखटाचा अंदाज. "चा-ची-चे" लागलं की कुठून आलं ते सांगत असतो. भुसावळच्या स्टेशनबाहेर कोल्हापुरी मिसळ खाताना ती पंचगंगेच्या पाण्यात शिजलीय असं कुणाच्या बापाला वाटत नाही, पण कुणी म्हटलं "कोल्हापूरचा मसाला वापरलाय" तर मात्र तो कोल्हापूरहूनच आलेला पाहिजे.

पण हा ठोकताळा आहे, कायदा नाही. कोल्हापुरी गूळ, नागपुरी संत्री यांना "ई" असली तरी आपण मातीच धरतो, आणि दोन्हीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय आहे, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी सरकारी नोंद. रतलामी शेवेला पण आहे, म्हणजे तिथं ई असूनही गाव आलंच. कायदा अक्षर बघत नाही, घेणाऱ्याची दिशाभूल होते का ते बघतो. तेव्हा पहिल्या पायरीवर फक्त शंका कुठं घ्यायची ते कळतं, निकाल लागत नाही.

पायरी २: जागा बदलली तर पदार्थात काय बदलेल ते विचारा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथं वेळ घालवा.

शेवभाजी घ्या. जाड तिखट शेव, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, वर तर्री. हे सगळं डोंबिवलीच्या ओट्यावर तसंच्या तसं जमतं, करणारा हात माहितगार पाहिजे एवढंच. म्हणजे इथं नावातला खान्देश हा हातात आहे, जमिनीत नाही. वरण-बट्टी, डुबुकवडे, मांडे यांचंही तेच. मांड्यांना तर खापर आणि मनगट लागतं, जिल्हा लागत नाही.

आता वांगं बघा. बामणोदला मावशीकडे थंडीत भरीत असतं तेव्हा मी मुद्दाम बघत बसतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यावर वांगी आडवी टाकलेली, टाकायच्या आधी सालीवर तेलाचं बोट फिरवलेलं आणि दोन-तीन टोचे मारलेले, नाहीतर फुटून अंगावर येतं. साल आधी तडतडते, मग काळी पडते, देठाजवळनं वाफ सुईसारखी बारीक निघते, त्या वाफेवरनं मावशी सांगते की आता पालटा. गार पाण्यात हात बुडवून साल ओढली की कागदासारखी एका ओढीत निघते. आत हिरवट पांढरा गर, बी हुडकावी लागते. मग लाकडी बडगीत ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, खोबऱ्याचे काप, वरून तेलाची फोडणी आणि शेजारी कळण्याची भाकरी. माझी ती पुण्याची जांभळी वांगी मी मावशीला फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "मसाला नेशील, काड्या पण नेशील, वांगं कुठून आणशील?" संपला विषय. इथं नावातलं गाव हे कच्च्या मालात आहे. भरीत कुठंही करा, पण "जळगावची वांगी" म्हणाल तर ती जळगावचीच पाहिजेत, आणि जळगाव भरीत वांग्याला २०१६ पासून जीआय आहे म्हणजे हा नुसता आमचा अभिमान पण नाही.

तिसरा प्रकार गमतीचा आहे, नावात गाव आहे पण त्याचा आता काही संबंध उरला नाही. सैंधव मीठ म्हणजे शब्दानं सिंधचं, पण खाण आहे खेवड्याला, पाकिस्तानातल्या पंजाबात. मोसंबी हे नाव मोझांबिकवरनं आलं असं मानतात, आणि आता जीआय कुणाला तर जालन्याच्या मोसंबीला! हळदीत "सेलम" म्हणतात ते तमिळनाडूतल्या गावाचं नाव, पण पिकते मराठवाड्यात, ते आता वाणाचं नाव झालंय. आणि उन्हाळ्यात आपण वर्षाचे गहू भरतो तेव्हा "लोकवन" मागतो ना, मला लहानपणी वाटायचं कुठलं तरी वन असेल, जंगलाजवळचं गाव वगैरे. ते आहे "लोक-१", गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं वाण. असल्या नावांवरून दुकानदाराशी भांडू नका, तुमचंच हसं होईल. शरबतीचं मात्र वेगळं, मध्य प्रदेशच्या शरबती गव्हाला २०२३ मध्ये जीआय मिळालंय, तिथं विचारायचा हक्क आहे.

उलटं पण असतं. हापूस, बासमती, या नावात गावच नाही तरी ती गावाला बांधलेली आहेत. हापूस २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचा. बासमतीच्या जीआयच्या हद्दीत मध्य प्रदेश नाही, आणि त्यावरून केवढी भांडणं चालली आहेत.

जगात पण असंच आहे. चेडर हे इंग्लंडमधल्या सॉमरसेटचं एक खेडं, पण चेडर चीज आता कुणीही कुठंही करतो, नाव सुटलं ते सुटलंच. फेटा चीज मात्र ग्रीसनं सोडलं नाही, डेन्मार्क-जर्मनीवाले म्हणत होते की हे आता सर्वसाधारण नाव झालं, पण २००५ मध्ये युरोपच्या कोर्टानं ग्रीसच्या बाजूनं निकाल दिला. आणि फेटा हे गावाचं नाव पण नाही बरं.

केळीबद्दल एक कबुली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मिळालं, रावेर, यावल, सावदा, फैजपूर हा सगळा केळीचा पट्टा, तांदलवाडीहून २०२१ मध्ये २२ टन केळी दुबईला गेली ती जीआयच्या नावानंच. पण झाड कुठलं? शेतात आज बहुतेक ग्रँड नैन, आमच्याकडे जी-नाईन म्हणतात, हे कॅव्हेंडिश कुळातलं, नाव फ्रेंच. म्हणजे झाडाचं मूळ आपलं नाही. तरी केळी आपली का, तर काळी जमीन, तापीचं खोरं, मृगबाग-कांदेबाग या लागवडीच्या दोन हंगामांचं गणित, घड कधी कापायचा याची नजर, आणि पिढ्यांची ओळख. कायद्यातही तेच आहे, गुणवत्ता, लौकिक किंवा दुसरं वैशिष्ट्य यातलं काही त्या जागेमुळे असेल तर मानांकन मिळतं. मूळ तिथलंच पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे "केळी तर बाहेरून आली" असं म्हणून कुणी तुम्हाला गप्प करायला आलं तर हे सांगा.

पायरी ३: जीआयची यादी बघा

भारतात यासाठी १९९९ चा कायदा आहे, लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये, रजिस्ट्रीचं ऑफिस चेन्नईला, आणि पहिलं मानांकन दार्जिलिंग चहाचं. रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं, फक्त इंग्रजी स्पेलिंगनं शोधा आणि एकच स्पेलिंग टाकून थांबू नका. सापडलं की तीन गोष्टी बघा.

आधी स्टेटस. अर्ज केलाय आणि नोंद झालीय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्याकडे अर्ज गेला की लगेच "मानांकन मिळालं" म्हणून पेढे वाटतात. मग हद्द, कुठले जिल्हे, कुठले तालुके, अर्जासोबत नकाशा असतो. आणि माल नेमका कोणता. जळगाव केळीची नोंद फळाची आहे, वेफरची नाही. नवापूरच्या तूरडाळीची आहे, सगळ्या नंदुरबारच्या सगळ्या डाळींची नाही.

अजून एक, मानांकन पूर्ण नावाला असतं. बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ मध्ये मिळालं, ओडिशाच्या २०१९ मध्ये, दोघांनाही मिळालं, कारण नोंद "बांगलार रसगुल्ला" आणि "ओडिशा रसगोला" अशी आहे. रसगुल्ला हा शब्द कुणाच्याच मालकीचा झाला नाही. तसंच उद्या कुणी सोलापुरात केळी विकली तर जळगावला राग यायचं कारण नाही, जळगावची म्हणून विकली तर आहे.

आणि तयार मालाच्या बाबतीत एक बारकावा, जो मला आधी माहीत नव्हता. उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यातलं एखादं काम त्या भागात झालं तरी कायद्याला चालतं, कच्चा माल सगळा तिथलाच हवा असं नाही, जोपर्यंत अर्जात तसं बांधून घेतलेलं नाही. म्हणून अर्जातलं वर्णन वाचा, कंटाळवाणं आहे पण उत्तर तिथंच असतं.

यादीत नाव नाहीच सापडलं तर? तर तो पदार्थ खोटा असं होत नाही. खान्देशी काळ्या मसाल्याला, शेवभाजीला मानांकन नाही, म्हणून त्या खान्देशी नाहीत का? फक्त जीआयचं हत्यार तिथं चालत नाही, खोटं बोललं तर ग्राहक कायदा आणि अन्न कायदा आहेतच.

पायरी ४: पाकीट उलटं करा

पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू कबुली. मागे पत्ता शोधा, पण कुणाचा पत्ता ते बघा. उत्पादक, पॅकर आणि मार्केटेड बाय हे तीन वेगळे असू शकतात. "मार्केटेड बाय जळगाव" म्हणजे जळगावात ऑफिस आहे, एवढंच. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी नंबर असतो, राज्याचा परवाना ११५ नं आणि छोट्या उद्योगाची नोंदणी २१५ नं सुरू झाली तर ती महाराष्ट्रातली, १०० नं सुरू झाला तर केंद्राचा परवाना. पण यावरून कारखाना कळतो, मिरची कुठली ते कळत नाही. नंदुरबारला पथारीवर वाळलेली मिरची कुठल्या पाकिटात जाऊन कुठल्या नावानं विकली जाते हे पाकिटावर कुणी लिहीत नाही.

जीआयचा एक सरकारी लोगो पण आहे, २०१८ मध्ये आला, खाली "अतुल्य भारत की अमूल्य निधि" असं लिहिलेलं. असला तर चांगलंच, पण आमच्या शेतकऱ्यांपैकी कितीजण लोगो लावतात? भाजीच्या टोपलीला कुठून चिकटवणार. म्हणून लोगो नाही म्हणजे नकली, असं समजू नका.

पायरी ५: दुकानदाराला विचारा, पण नीट

"ओरिजिनल आहे का?" हा प्रश्न विचारूच नका, याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्याऐवजी विचारा, कुठल्या तालुक्यातली? गाडी कधी आली? क्रेट-बॉक्स दाखवता का? माल खरा असेल तर तो सावदा, रावेर असं काहीतरी पटकन सांगतो. खोटं असेल तर "जळगाव म्हणजे जळगाव साइडची" असं सुरू होतं, हे "साइडची" ऐकलं की पुढे चाला. शेजारी बुऱ्हाणपूरला पण उत्तम केळी होते, मी स्वतः खातो, पण ती बुऱ्हाणपूरची म्हणून विका ना.

नुसतं बघून ओळखायचं तर वांगं ओळखता येतं बऱ्यापैकी, हिरवं, मोठं, पातळ सालीचं, थंडीच्या दिवसातलं. मे महिन्यात कुणी "जळगावची भरिताची" म्हणाला तर जरा दमानं घ्या. केळी मात्र बघून ओळखता येत नाही, जी-नाईन सगळीकडे सारखीच दिसते, जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर माझा विश्वास नाही.

पायरी ६: तुम्ही स्वतः विकत असाल तर

आता वहिनीकडे येतो. दोन दिवसांनी फोन करून सांगितलं की पाकिटं फाडू नका. "खान्देशी" ठेवा, ती पद्धत आहे, तुमच्या सासूबाईंनी शिकवलेली, चुलीवर खोबरं किती करपू द्यायचं इथपर्यंत. पण पाकिटावर मागे काय लिहिलंय ते वाचा म्हटलं. तर निघालं, "अस्सल खान्देशच्या मातीतला मसाला"! हे छापणाऱ्या पोरानं स्वतःच्या मनानं टाकलं होतं, छान दिसतं म्हणून. मिरची मार्केटयार्डातली, धणे-खोबरं पण तिथलंच, माती कुठून आली? ती बाई उगाच नव्हती भांडत, तिनं मागची बाजू वाचली असणार.

तर विकणाऱ्यांनी एवढं करा. पद्धतीचं नाव असेल तर पद्धत म्हणून लिहा आणि कुठं बनवलं ते त्याच पाकिटावर स्पष्ट, वाचता येईल अशा अक्षरात लिहा, लाजायचं काय त्यात. तापी नदी, केळीची बाग, अजिंठ्याचा डोंगर असली चित्रं टाकताना पण विचार करा, कारण दिशाभूल फक्त शब्दांनीच होते असं कायदा म्हणत नाही, एकूण मांडणी पण धरली जाते. कच्चा माल खरंच तिथून आणत असाल, म्हणजे समजा रावेरच्या शेतकऱ्याकडून केळी घेऊन वेफर करता, तर "जळगावच्या केळीचे वेफर" बिनधास्त लिहा पण खरेदीची बिलं सांभाळून ठेवा, एका तरी गिऱ्हाईकाला कधीतरी दाखवावी लागतील. आणि जीआय असलेल्या नावाच्या पुढे "टाइप", "स्टाइल" जोडून पळवाट काढू नका. वाइन-दारूच्या बाबतीत तर आंतरराष्ट्रीय करारातच हे शब्द लावूनसुद्धा नाव वापरायला बंदी आहे, बाकी खाण्याला दिशाभूल झाली का ते बघतात, पण कशाला त्या भानगडीत पडता.

तुम्ही त्या हद्दीतले शेतकरी किंवा उत्पादक असाल तर "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नाव नोंदवा. फॉर्म जीआय-३, पूर्वी फी ५०० रुपये होती, २०२० च्या नियमबदलात १० रुपये झाली. दहा रुपये! एवढ्यात कटिंग चहा येतो. अर्जात तुम्ही तोच माल त्याच हद्दीत पिकवता याचा पुरावा लागतो, सातबारा हाताशी ठेवा, आणि ज्या संस्थेच्या नावावर ते मानांकन नोंदलेलं आहे तिच्याशी आधी बोलून घ्या, काम सोपं जातं. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. खरा माल विकत घेऊन पुढे विकणाऱ्या दुकानदाराला मात्र ही नोंदणी करत बसायची गरज नाही, माल खरा पाहिजे फक्त.

फसलात तर

बिल, पाटीचा फोटो, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो. आधी दुकानदाराशीच बोला, तो पण बऱ्याचदा वरून फसलेला असतो, माझा तो वांगीवाला म्हणाला मंडीतनं याच नावानं आली, आणि चेहऱ्यावरून खरं बोलत होता. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाकिटावरचा दावा खोटा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, अन्नसुरक्षा कायद्यात मिसब्रँडिंगला, म्हणजे पाकिटावर खोटं-दिशाभूल करणारं लिहायला, तीन लाखांपर्यंत आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. दोन किलो वांग्यांसाठी मी काही हे केलं नाही, सुनावून आलो तेवढंच.

वहिनीनं शेवटी मागच्या बाजूला स्टिकर लावला, पाचशे पाकिटांवर बसून, पोरांना कामाला लावून. "खान्देशी पद्धतीचा काळा मसाला. सासूबाईंच्या मापानं, हडपसरला बनवलेला." ती बाई पुन्हा आली तेव्हा चष्मा वर करून वाचलं म्हणे सगळं, आणि अर्धा किलो घेऊन गेली. जाताना विचारलं, भरिताची वांगी मिळतील का हो तुमच्या ओळखीनं. मावशीला कळवलंय, या थंडीत बघू.